कोर्टातून वर्गात यायचंय म्हणताय, तर आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आलाय: बेळगाव कोर्टात सहा वर्षं सिव्हिल साईडला प्रॅक्टिस केलीय, आता मन लागत नाही, मुलांना शिकवायचंय, पण फळ्यावर लिहून नको, बाहेर नेऊन, हाताने करायला लावून, आणि त्यातून पोराला वाटलं पाहिजे की मी इथला आहे, ही जागा माझी आहे. मग सनदेचं, म्हणजे वकिलीच्या परवान्याचं काय, बी.एड. लागतंय का, पोटापाण्याचं काय, आणि सीमाभागात हा आपलेपणाचा विषय काढला की लोक लगेच ‘तुम्ही कुठल्या बाजूचे’ विचारणार, त्याचं काय.

मी याच वाटेने आले, आधी काळा कोट आणि मग शाळा. येळ्ळूर, खानापूर, तिकडे निपाणी, अथणी, जिथं बोलावतील तिथं जाते, मराठी शाळा, कन्नड शाळा, उर्दू शाळा सगळीकडे, आणि पोरं अजून वकीलबाईच म्हणतात. त्यामुळे उत्तर लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी कोरडं काम उरकून घेऊ. बार कौन्सिलचा नियम पूर्णवेळ पगारी नोकरीचा आहे, म्हणजे शाळेत पर्मनंट लागलात तर प्रॅक्टिस थांबवावी लागते, तसं स्टेट बार कौन्सिलला कळवून ओरिजिनल सनद जमा करायची, पण थांबवणं म्हणजे नाव कायमचं कापलं जाणं नव्हे, परत येता येतं. लॉ कॉलेजात शिकवणार असाल तर 1979 चे वेगळे नियम आहेत, दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवून प्रॅक्टिस चालू ठेवता येते, आपल्याकडं आरएल लॉ कॉलेजसारखी जुनी संस्था गावातच आहे त्यामुळे हा रस्ता बऱ्याच जणांना सोपा वाटतो, पण तिथं कायम व्हायचं तर एलएलएम आणि नेट नाहीतर के-सेट ही पात्रता परीक्षा लागणार. शाळेत सहावी ते आठवीला शिक्षक म्हणून लागायचं तर बी.एड., जे आता दोन वर्षांचं आहे, आणि वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, डी.एल.एड. हा प्राथमिक शिक्षकांचा डिप्लोमाच लागतो, ते सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट 2023 मध्ये स्पष्ट केलंय. तुमचं पाच वर्षांचं बी.ए. एलएलबी असेल तर ती डिग्री बी.एड.च्या प्रवेशाला चालते का हे फी भरायच्या आधी युनिव्हर्सिटीत लेखी विचारून घ्या. आणि जे काम तुम्ही म्हणताय, बाहेरून येऊन वर्गाबरोबर प्रोजेक्ट करणं, त्याला यातलं काहीच लागत नाही, हेडमास्तर हो म्हणाले आणि एसडीएमसीने, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीने, मान हलवली की झालं.

आता खरं बोलूया. वकिलाकडं असलेली मोठी गोष्ट म्हणजे प्रश्न विचारायची सवय, आणि वर्गात घात होतो तो पण तिथंच. आपण उलटतपासणीत तरबेज असतो, उत्तर आधीच माहीत असतं, साक्षीदाराला हो-नाहीच्या खुंटीला बांधून ठेवायचं असतं. वर्गात असे दोनतीन प्रश्न टाकले की पोरं विषय सोडून देतात आणि तुमचं तोंड वाचायला लागतात, सरांना काय पाहिजे ते शोधतात, आणि हुशार पोरं ते शोधूनही देतात, आणि आपल्याला वाटतं वर्ग काय मस्त चाललाय. शिकवायला उपयोगी पडते ती सरतपासणी, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला आपण आधी प्रश्न विचारतो ती. तिथं उत्तर सुचवणारा प्रश्न कोर्टाच्या परवानगीशिवाय चालत नाही, पुराव्याच्या जुन्या 1872 च्या कायद्यात ते कलम 142 होतं, 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी आलेल्या साक्ष्य अधिनियमात 146. काय झालं सांग. तू कुठं उभा होतास? मग? तिथून तुला काय दिसत होतं? एवढेच प्रश्न घेऊन वर्गात तासभर उभं राहून बघा, सिनियरसमोर पहिलं आर्ग्युमेंट केलं त्याच्यापेक्षा अवघड जातं.

मी सुरुवात नेहमी पंचनाम्यानं करते. तीनचार पोरांचा गट, हातात वही आणि मोजपट्टी, आणि जागा एकच, शाळेची विहीर नाहीतर बसस्टँड नाहीतर आठवड्याचा बाजार. नियम एकच की जे दिसलं, ऐकू आलं, मोजलं, तेवढंच लिहायचं. ‘घाण होती’ चालणार नाही, किती पिशव्या, कुठल्या कोपऱ्यात, नळाला तोटी आहे का, पाणी कुठं साचलंय ते लिहा. ‘बाई, घाण आहे की वो, घाणच लिहायचं ना!’ असं पोरं भांडतात, भांडू द्यायचं. मग वह्या अदलाबदल करायच्या आणि दुसऱ्या गटानं ती वही घेऊन त्याच जागेवर जाऊन पडताळायचं, बरोबर असेल तिथं पंच म्हणून सही, नसेल तिथं हरकत लिहायची. इथं धमाल येते, कारण एकाच जागेचे दोन पंचनामे कधी जुळत नाहीत. मुलींच्या वहीत संडासाच्या दाराला कडी नाही हे पहिल्या ओळीत असतं आणि मुलांच्या वहीत ते नसतंच. कुणी खोटं लिहिलेलं नसतं, कोण कुठं उभं होतं याचा तो फरक, आणि हे भाषण देऊन समजावायला गेलात तर अर्धा वर्ग झोपेल.

पंचनामा वहीत राहिला तर मात्र वाया गेला. कर्नाटकात ग्रामपंचायतीत मक्कळ ग्रामसभा घेतात, मुलांची ग्रामसभा, कागदावर तरी सगळीकडं असते. तिथं हा पंचनामा अर्ज म्हणून द्यायचा. आता अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागणार, आणि मराठी शाळेत अचानक त्या पोराला भाव येतो ज्याची आई गोकाककडची आहे आणि घरी कन्नड बोलतात. एरवी वर्षभर तो मागच्या बाकावर. कन्नड शाळेत उलटं होतं, बाजारात बायकांशी बोलायला मराठी येणारी पोरगी लागते. मी आपलेपणा हा शब्द वर्गात कधी उच्चारत नाही. एखाद्याशिवाय गटाचं काम अडतंय असं काम शोधायचं, माझी निम्मी तयारी त्यातच जाते.

सहल आणि अनुभवातून शिकणं यातला फरक पण इथंच सांगते, कारण आजकाल प्रायव्हेट शाळा या नावाखाली पोरांना रिसॉर्टला नेऊन दोरीवर लटकवतात आणि फोटो टाकतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईनं 1938 मध्येच लिहून ठेवलंय की सगळं खरं शिक्षण अनुभवातून येतं याचा अर्थ प्रत्येक अनुभव शिकवतोच असा होत नाही, काही अनुभव पुढचं शिकणं बंद पण करतात. डेव्हिड कोल्ब या अभ्यासकानं 1984 मध्ये अनुभवातून शिकण्याचं चक्र मांडलं, आधी अनुभव, मग त्याच्याकडं मागं वळून बघणं, मग त्यातून काही सूत्र काढणं, मग ते नव्या ठिकाणी करून बघणं. शाळा पहिल्या पायरीवरच थांबतात कारण फोटो तिथंच निघतात. मी बाहेर जितका वेळ नेते तितकाच वेळ परत येऊन बसायला मागते, नाही मिळाला तर नेतच नाही, यावर हेडमास्तरांशी वाद होतो, होऊ दे.

वकिली सोडून शिकवायला जाणं म्हणजे घरचे म्हणतील की डोकं फिरलंय, तेव्हा त्यांना गांधींचं सांगा. तो माणूस वकीलच होता. जोहान्सबर्गजवळ टॉलस्टॉय फार्म 1910 मध्ये सुरू झालं, तिथं हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिश्चन घरांतली पोरं एकत्र होती, भाषा वेगवेगळ्या, आणि शेतीपासून संडास साफ करण्यापर्यंत जे काम मास्तर करत नाहीत ते पोरांना सांगायचं नाही असा नियम होता. गांधींचे मित्र कॅलनबाख ट्रॅपिस्ट या ख्रिश्चन साधूंच्या मठातून चपला करायला शिकून आले, त्यांच्याकडून गांधी शिकले आणि पोरांना शिकवलं. पुढं 1924 मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदावर ते एकदाच बसले ते आपल्या बेळगावात, टिळकवाडीत त्या अधिवेशनासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे, आणि 1937 मध्ये वर्ध्याला नई तालीम, हाताच्या कामातून शिकवायची पद्धत, मांडली. काँग्रेस विहिरीवर पोरांना न्या, पण माहिती सांगू नका, पंचनामा करायला लावा.

चपलेचा विषय निघालाच आहे तर माझं सगळ्यात आवडीचं प्रोजेक्ट सांगते, नववीसाठी. चप्पल कोल्हापुरी, पण ती अथणीत, मदभावीत, निपाणीकडं पण बनते, मग ती कुणाची? आधी जाऊन बघायचं. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात ते, मग कापणं, वेणी घालणं, एका जोडाला किती जणांचे हात लागतात हे पोरं मोजतात. परत आल्यावर वर्गात सुनावणी. चिठ्ठ्या टाकून बाजू वाटायच्या, एक गट महाराष्ट्र, एक कर्नाटक, एक कारागीर, एक व्यापारी, आणि अर्धी सुनावणी झाली की बाजू बदलायच्या. ही बदली करायला विसरू नका, कारण आपल्याकडं पोरं पहिल्या भागात इतकी तापतात की ऐकत कुणीच नाही, आणि आपण मघाशी ज्याला शिव्या दिल्या त्याचीच बाजू मांडायला लागली की डोकं चालायला लागतं. आपल्याला वकिलांना हे रोजचं, आज वादीकडून तर उद्या प्रतिवादीकडून, पोरांना नवीन असतं. सगळं संपल्यावर मी कागद वाटते. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे त्या भागाचंच उत्पादन असल्याचं कायदेशीर मानांकन, मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून, तिकडचे चार जिल्हे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, आणि इकडचे चार, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. पोरं गप्प होतात. आपण दोन तास कुणाची कुणाची म्हणून भांडलो आणि कायद्यानं दोघांची म्हणून आधीच लिहून टाकलंय. मग कुणीतरी विचारतंच, बाई, यात त्या कारागिराला काय मिळालं? जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि एवढा गाजावाजा झाला तेव्हापासून हा प्रश्न पोरं स्वतःहून विचारतात, त्याचं तयार उत्तर माझ्याकडं नाही आणि मी द्यायचा प्रयत्न पण करत नाही.

पण या प्रोजेक्टमध्ये एक जागा फार नाजूक आहे, तिथं मी कुणालाच घाई करू देत नाही. चामड्याचं काम आपल्याकडं जातीला चिकटलेलं आहे, सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. वर्गात एखादं पोर त्याच घरातलं असतं. तुम्ही उत्साहात त्याच्याच बापाच्या दुकानी अख्खा वर्ग घेऊन गेलात आणि कुणीतरी नाकाला रुमाल लावला, तर त्या पोराचं त्या वर्गातलं वर्ष संपलं, वर तुम्ही म्हणणार आम्ही श्रमाला प्रतिष्ठा देतोय. म्हणून आधी एकटीनं घरी जायचं, आईवडिलांशी बोलायचं, पोराला वेगळं विचारायचं की तू सगळ्यांसारखा विद्यार्थी म्हणून येणार, का बाबांबरोबर बसून दाखवणार, का गावातल्या दुसऱ्याच दुकानी जाऊया. तिन्ही उत्तरं चालतात, पोर म्हणेल ते. कारागिराचा अर्धा दिवस गेला तर त्याची मजुरी द्यायची, हार-नारळ घालून फुकट बोलवायचं नाही. पोरांनी त्याच्या बरोबरीनं खाली बसायचं. आणि हात चालवून बघणं वेगळं, त्याची ऑर्डर पुरी करून देणं वेगळं, चौदाच्या आतल्या मुलाला कामाला लावायला 2016 च्या दुरुस्तीनंतर सगळीकडंच बंदी आहे, हे वकिलाला तरी सांगायला लागू नये.

आता पीयूसीचं, म्हणजे अकरावी-बारावीचं. आपल्या भागात आपलेपणाचा खरा प्रश्न बॉर्डरवर नसतो, तो फर्स्ट पीयूसीच्या वर्गात असतो. गावच्या मराठी शाळेत सातवीपर्यंत पहिला येणारा, हायस्कूलात पण बरा, दहावीनंतर शहरात सायन्सला येतो आणि सगळं इंग्रजीत सुरू होतं. उत्तर येत असतं, सांगता येत नाही, आठवडाभरात तो स्वतःला ढ समजायला लागतो आणि वाटतं की ही जागा आपल्यासाठी नव्हतीच, बाकी सगळे इथलेच आहेत. यावर वॉल्टन आणि कोहेन या मानसशास्त्रज्ञांचं 2011 चं अमेरिकेतलं काम आहे, कॉलेजात नवीन आलेल्या मुलांना तासभर सिनियरांचे अनुभव वाचायला दिले की सुरुवातीला सगळ्यांनाच परकं वाटतं आणि ते हळूहळू जातं, मग स्वतःचं लिहायला लावलं, आणि पुढची तीन वर्षं कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे मार्क सुधारलेले दिसले. मी आपल्याकडं तेच साध्या पद्धतीनं करते, त्याच गावचा सेकंड पीयूचा किंवा डिग्रीचा पोरगा बोलवायचा, टॉपर नको, मधला पाहिजे, आणि त्यानं सांगायचं की पहिला महिना कसा गेला, जेवणाच्या सुट्टीत कुठं बसायचा, कधी ठीक वाटायला लागलं. मग नवीन पोरांनी पुढच्या वर्षीच्या पोरांसाठी एक पान लिहायचं, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. पण लेक्चररच भर वर्गात इंग्रजीची टिंगल करत असेल तर हे सगळं पाण्यात, आधी त्याच्याशी बोलायचं. आणि एक दिवसाच्या शिबिरानं आपलेपणा येतो असं कुणी सांगत असेल तर बॉमायस्टर आणि लिअरी या मानसशास्त्रज्ञांचं 1995 चं म्हणणं त्याला सांगा, माणसाला वारंवार आणि बऱ्यापैकी गोड भेटी लागतात आणि त्या पण टिकणाऱ्या नात्यात. मी म्हणूनच दहा शाळांत एकेक दिवस जाण्यापेक्षा एका वर्गाबरोबर वर्ष काढते.

राहिलं राजकारण. विचारणारच, तुम्ही कुठल्या बाजूचे. 1956 पासूनचा सीमावाद, त्यासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967 चा रिपोर्ट, महाराष्ट्रानं 2004 मध्ये सुप्रीम कोर्टात लावलेला दावा अजून चालूच, हे तुम्हाला मी काय सांगायचं. घरात ज्याचं जे मत आहे ते असू दे, पोरांना पण असतं आणि ते मी खोडत नाही. वर्गात माझं एवढंच की कुणाला ‘तुमच्याकडं जावा’ असं म्हणायचं नाही, आणि आपल्या भाषेत विचार करायला कुणालाही बंदी नाही. याला विरोध झाला तर भावनेवर भांडू नका, कायदा वाचून दाखवा, तुमचं कामच ते. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 29 पोटकलम 2 बघा, कृतीतून आणि शोधातून शिकणं, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवणं, पोराला भीतीपासून मोकळं ठेवणं आणि त्याला आपलं मत मोकळेपणानं मांडायला मदत करणं, हे तिन्ही तिथं ओळीनं लिहिलेलं आहे. प्राथमिकला मातृभाषेची सोय करायचं राज्यघटनेचं 350 अ आहेच, ते 1956 च्याच सातव्या दुरुस्तीनं आलं. एका बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी साहेबांना मी कलम 29 ची झेरॉक्स दिली तर त्यांनीच ती पुढं मीटिंगला वाटली. बहुतेक अधिकारी वाईट नसतात वो, त्यांना परवानगी द्यायला कागद लागतो.

पैसे कमी मिळतात. सरकारी शाळेतून काही नाही, प्रायव्हेट शाळा मानधन देतात पण उशिरा, संस्थांची प्रोजेक्टं वर्षाची असतात आणि रिन्यू होतीलच असं नाही. घरात एक पक्का पगार असेल किंवा शेती असेल तर चालतं, नसेल तर ओढाताण होते आणि लग्नाच्या बोलण्यात पण त्रास होतो, हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. म्हणून सनद लगेच जमा करू नका. कोर्ट अकराला बसतं, शनिवारी शाळा सकाळची असते. तुमच्या घराजवळची एक सरकारी शाळा पकडा, सातवीचा वर्ग मागा, हेडमास्तरांकडून लेखी परवानगी आणि पालकांच्या सह्या घ्या, बाहेर जाताना शाळेचे एक सर किंवा बाई बरोबर हव्यातच, आणि जूनपासून दर शनिवारी त्याच वर्गाकडं जा. दसऱ्याच्या सुट्टीपर्यंत तुम्हाला कळेल की पोरांकडं जायला तुम्हाला आवडतंय का फक्त कोर्टात जायला नको वाटतंय. दुसरं असेल तर मेडिएशनचं ट्रेनिंग घेता येतंय का बघा. पहिलं असेल तर बी.एड.चा फॉर्म कधी सुटतो ते बघून ठेवा आणि तोवर हातातल्या केसेस एकेक करून ज्युनिअरला समजावून द्यायला लागा, पक्षकारांना मधेच सोडू नका.